अनुभव धागा: लहान मुलांचे दाट, कुरळे केस

माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. तिचे केस वडिलांच्या वळणावर गेले आहेत, म्हणजे दाट, बारीक कुरळे, ओले असताना पाठीपर्यंत येणारे आणि वाळले की खांद्याच्याही वर चढणारे. माझे स्वतःचे केस सुतासारखे सरळ असल्यामुळे तेल, कंगवा आणि वेणी यांपलीकडे केसांचे काही करावे लागते हे मला ठाऊकच नव्हते. रविवारी न्हाणे झाले की कंगवा पाहून ती पलंगाखाली शिरते. गेल्या महिन्यात कंगव्याचे दोन दात तिच्या मानेवरच्या गुंत्यात तुटून राहिले, ते मला कात्रीने काढावे लागले आणि मग आम्ही दोघीही रडलो. जूनपासून शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत. आमच्या सोसायटीत बहुतेक वेळा टँकरचे पाणी असते, हेही सांगून ठेवते. ज्यांनी असे केस सांभाळले आहेत किंवा ज्यांचे स्वतःचे असे आहेत, त्यांनी काय केले, किती वेळ लागला आणि काय फसले, ते कृपया सविस्तर लिहावे. ‘केस कापून टाका’ हा सल्ला सासूबाईंकडून मिळालेला आहे.

ठाणे, मुलगी ९ वर्षांची
कोरडे केस विंचरणे आजपासून बंद करा, निम्मे रडणे तिथेच थांबेल. टाळूतून सुटणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, पण कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडते. म्हणून मुळाशी केस तेलकट आणि टोकाशी काथ्यासारखे होतात, आणि असे कोरडे केस विंचरले की ते सुटण्याऐवजी तुटतात व फुगतात. आम्ही न्हाणीघरातच, केस निथळत असताना, भरपूर कंडिशनर लावतो, केसांचे चार भाग करून तीन चिमट्यांनी वर बांधतो आणि चौथ्यावर काम करतो. बट गुंत्याच्या वरच्या बाजूला मुठीत घट्ट धरायची, म्हणजे ओढ टाळूपर्यंत पोहोचत नाही. मग आधी बोटांनी आणि नंतर मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडची दोन बोटे केस मोकळे करायचे, ते झाले की थोडे वर सरकायचे. मुळापासून खाली कंगवा ओढला तर लहानसहान गुंते एकत्र होऊन खाली त्यांची गाठ बसते. पहिल्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला होता, आता पंधरा मिनिटे लागतात. नंतर टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती टी-शर्टात केस अलगद दाबून पाणी टिपा. शाम्पू आठवड्यातून एकदाच, आणि तोही टाळूला.

रत्नागिरी, नात ६ वर्षांची
आमच्या घरात तीन पिढ्या कुरळ्या केसांच्या आहेत, त्यामुळे कंडिशनर येण्याआधीचे सांगते. आदल्या रात्री कोमट खोबरेल तेल लावून केस सैल बांधायचे. आमची सून रसायनशास्त्र शिकवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे हे तेल केसाच्या आतपर्यंत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, त्यामुळे या बाबतीत आमचे कधी नव्हे ते एकमत आहे. सकाळी जास्वंदीची आठ-दहा पाने पाण्यात चुरायची, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा बुळबुळीत रस सुटतो, तो गाळून केसांना चोळायचा आणि त्यातच बोटांनी गुंता सोडवायचा. शिकेकाईची पूड मात्र कुरळ्या केसांत थेट घालू नये. मी एकदा घाईत घातली आणि पुढचे दोन दिवस नात मान हलवी तिथे तिथे भुकटी पडत होती. शेंगा उकळून ते पाणी पंचातून गाळून घ्यावे, आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते.

छत्रपती संभाजीनगर, मुलगा ५ वर्षांचा
पाण्याबद्दल एवढेच. बोअरच्या जड पाण्यातील क्षार साबणाशी मिळून केसांवर चिकट थर धरतात, म्हणून डोक्याला अंगाचा साबण लावणे आम्ही सोडले आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या फिल्टरचे पाणी घेऊ लागलो. फरक हाताला कळतो.

नागपूर, मुलगा ४ वर्षांचा
मी वडील आहे, डोके धुण्याचे खाते माझ्याकडे आहे. जावळ काढल्यावर केस सरळ येतील असे वडीलधाऱ्यांनी सांगितले, म्हणून ते तीन वेळा काढले गेले आणि तिन्ही वेळा अधिकच कुरळे आले, कारण वळण ठरते ते त्वचेखालच्या मुळात आणि वस्तरा तिथे पोहोचत नाही. दुसरा धडा केशकर्तनालयात मिळाला. कारागिराने केस ओले करून, ताणून, कानाखाली दोन बोटे ठेवून कापले. घरी येईपर्यंत ते वाळून कानाच्या वर गेले आणि मुलगा महिनाभर फुललेल्या कोबीसारखा दिसत होता. आता आम्ही कोरडे असतानाच, बटा न ताणता कापून घेतो.

सांगली, मुलगी ७ वर्षांची
उवांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. दाट कुरळ्या केसांत फणी आत शिरतच नाही आणि उवा झाल्याचे फार उशिरा कळते. बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला १ टक्का पर्मेथ्रिन हे उवा मारणारे औषध लावून नवव्या दिवशी पुन्हा लावायला सांगितले, कारण पहिल्या वेळी लिखांमधून वाचलेले जीव तोवर बाहेर येतात. त्याखेरीज दर तीन-चार दिवसांनी, ओल्या केसांना कंडिशनर थापून, आधी कंगव्याने गुंता काढून मगच फणी फिरवली. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कापडावर पुसायची, म्हणजे काय निघाले ते दिसते. शेजारणीने सुचवलेले रॉकेल कृपया कोणीही वापरू नये. ते पेट घेते आणि कातडी भाजते.

न्यू जर्सी, मुलगी ८ वर्षांची
इथे हिवाळ्यात घर तापवणाऱ्या यंत्रामुळे हवा इतकी कोरडी होते की सकाळी उशीवर केसांचे तुकडे सापडत. शेजारच्या कृष्णवर्णीय आजींनी मला रात्री केस सैल वेण्यांत बांधायला आणि गुळगुळीत कापडावर झोपवायला शिकवले. मी आईच्या विरलेल्या रेशमी साडीचे दोन अभ्रे शिवले. पदराच्या जरीची बाजू चुकून वर आली तर मात्र गालावर नक्षी उमटते.

लातूर
माझे केस असे आहेत आणि मी आता चाळीस वर्षांची आहे. शाळेसाठी आई इतक्या घट्ट वेण्या घालायची की भुवया वर ओढल्या जात, आणि कपाळाच्या कडेचे केस जे विरळ झाले ते तसेच राहिले. वेणी घाला, पण पहिले दोन पेड सैल ठेवा. आणखी एक, तिच्यासमोर तिला कोणी झिपरी म्हणत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. मला बरीच वर्षे ते माझे दुसरे नाव वाटत होते.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनी
सर्वांचे आभार. चार भाग आणि मुठीत धरलेली बट यांनी काम केले; पहिल्या रविवारी पन्नास मिनिटे लागली, काल बावीस. जास्वंदीचा रस तिला शेंबडासारखा वाटतो, त्यामुळे तो बाद झाला. शाळेतल्या बाईंना भेटून सैल वेण्यांची परवानगी मिळवली आहे. डाव्या कानामागची एक गाठ मात्र रोज सकाळी नव्याने तयार होते, कारण झोपताना ती तीच बट बोटाला गुंडाळते. ती सोडवताना आता ती माझ्या मांडीवर बसते आणि बाहुलीची बट मुठीत धरून तिला सांगते, ‘वरून नाही, खालून.’