ताकायामा: एवढं मोठं ‘शहर’ करून हिदाच्या डोंगरातल्या गावांना काय मिळालं?

घाटमाथा (धागाकर्ता)

ऑक्टोबरात जपानमध्ये नागोयाहून ताकायामाला, म्हणजे हिदा या जुन्या डोंगरी प्रांताच्या मुख्य शहराला जाऊन आलो. जुन्या पेठेतल्या काळ्या लाकडी घरांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, ते इथे डकवत नाही. गोष्ट दुसऱ्या दिवशीची. शिनहोताकाच्या रोपवेसाठी सकाळची बस धरली. वस्ती लवकरच मागे पडली, मग शेतं, मग नुसता डोंगर. बोगदे, वळणं, हिरायुचे गरम पाण्याचे झरे, पुन्हा वळणं. दीडेक तासाने उतरलो तर समोर होताकाची तीन हजार मीटरवरची रांग, आणि भिंतीवरच्या नकाशात नाव काय? ताकायामा शहर. सकाळी ज्या शहरातून निघालो तेच!

क्षेत्रफळ सुमारे २१७८ चौ. किमी. जपानमधलं सगळ्यात मोठं शहर. अख्ख्या तोक्यो प्रीफेक्चरपेक्षा (प्रीफेक्चर म्हणजे जपानमधला प्रांतासारखा विभाग) जेमतेम लहान, ओसाका प्रीफेक्चरपेक्षा मोठं, गोव्याच्या निम्म्याहून जास्त. त्यातलं ९२ टक्के जंगल. माणसं २०२० च्या जनगणनेत साधारण ८४ हजार.

हे असं पूर्वापार नव्हतं. ३१ जानेवारी २००५ ला ताकायामा साधारण १४० चौ. किमीचं होतं. दुसऱ्या दिवशी दोन छोटी नगरं (कुगुनो, कोकुफु) आणि सात गावं (न्युकावा, कियोमी, शोकावा, मिया, आसाही, ताकाने, कामिताकारा) त्यात घातली. तीही ‘सगळे मिळून नवीन शहर’ अशी नव्हे. ताकायामा तसंच राहिलं आणि बाकी नऊ जणांची पालिका, सरपंच, सभा सगळं त्यात विरघळलं.

माझं म्हणणं: डोंगराळ मुलखात हद्द पाण्याने ठरते, कागदाने नाही. मिया आणि कुगुनो यांच्यामध्ये रेल्वेचा मिया बोगदा आहे, त्याच्या माथ्यावरून पाणी फाटतं. उत्तरेला मिया नदी जिंझुला मिळून तोयामाच्या उपसागरात, म्हणजे जपानच्या समुद्रात जाते. दक्षिणेला हिदा नदी किसोला मिळून थेट प्रशांत महासागराच्या बाजूला. शोकावाचं पाणी तर तिसऱ्याच खोऱ्यातून तोयामाला. एका महापौराच्या घरचं पाणी दोन समुद्रांत जातं! याला शहर म्हणायचं? माझ्या मते ही नऊ गावं पैशाच्या गणितासाठी पुसली. तुमचं काय मत?

कात्री

शहर कसलं, शहराच्या नावाने केलेलं जंगल. ९२ टक्के मतदार झाडंच. त्यांना मतदानाचा हक्क तरी द्या.

हिशेबनीस

धागा आवडला, मताशी पूर्ण असहमत.

पैशाचं गणित होतं, अगदी बरोबर. पण ते ताकायामाने मांडलेलं नव्हतं. १९९९ च्या मार्चअखेर जपानमध्ये ३२३२ पालिका होत्या, २०१० च्या मार्चअखेर १७२७ उरल्या. देशभर चाललेलं होतं ते. सरकारची लालूच दोन प्रकारची. एक, विलीन होणाऱ्यांना खास कर्जरोखे: कामाच्या खर्चाचा ९५ टक्के भाग कर्जाने उभारा, आणि त्या कर्जाच्या फेडीतला ७० टक्के भार केंद्र पालिकांना देतं त्या करवाट्यातून उचलणार. दोन, तो करवाटा दहा वर्षं जुन्या नऊ-दहा पालिका वेगवेगळ्या आहेत असं धरून मोजायचा, मग पाच वर्षांत हळूहळू खाली आणायचा. एकीकडे हे गाजर, दुसरीकडे छोट्या गावांच्या अनुदानाला कात्री. (तुम्हाला नाही हो, कात्री.)

आता म्हातारी माणसं निम्म्याला आलेल्या एखाद्या डोंगरी गावाच्या सरपंचाच्या जागी बसा. शाळेला मुलं नाहीत, बर्फ हटवायला माणसं नाहीत, गावचा स्वतःचा महसूल चिमूटभर. तुम्ही नाही म्हणाला असता?

आणि ‘नऊ गावं पुसली’ वगैरे वाचून जरा हसू आलं. ही गावं आभाळातून पडली होती का? १८८८-८९ मध्ये जपानने ७१,३१४ गावा-नगरांची एका झटक्यात १५,८५९ केली. १९५३ ते ६१ मध्ये ९,८६८ ची ३,४७२ केली. तेव्हाचा निकष काय, तर एक माध्यमिक शाळा चालवता यावी म्हणून किमान ८००० वस्ती. तुम्ही ज्या ‘मूळ’ गावांसाठी हळहळताय तीही सरकारी शिवणकामच आहेत.

घाटमाथा

शिवणकाम मान्य. पण आधीच्या शिवणीत एका खोऱ्यातल्या वाड्या एकत्र शिवल्या होत्या, त्यांचा बाजार, देऊळ, नदी एक होती. २००५ ला वेगवेगळी धोतरं एकत्र शिवून तंबू केला.

शिवाय फायदा कुठे दिसतो? विलीनीकरणाच्या वर्षी ९६ हजार माणसं होती, पंधरा वर्षांत बारा हजार गेली.

हिशेबनीस

विलीनीकरणाने मुलं जन्माला येतात असं कुणी म्हटलं होतं? आसपासच्या विलीन न झालेल्या गावांतही माणसं कमीच होतायत.

नदीकाठ

दोघांनाही थोडं चूक ठरवतो, टंकायचा कंटाळा झटकून.

घाटमाथा, खोऱ्याचा मुद्दा दिसतो तितका पक्का नाही. हिदा हा जुना प्रांत दोन्ही पाणढाळांवर बसलेला होता आणि शेकडो वर्षं तो एकच मुलूख होता. १५८० च्या दशकात कानामोरी नागाचिकाने तो जिंकला आणि ताकायामाला किल्ला बांधला. १६९२ मध्ये शोगुनने (तेव्हाचा लष्करी सत्ताधीश) कानामोरींना उत्तरेत देवा प्रांतात हलवलं आणि हिदा थेट स्वतःच्या ताब्यात घेतला, मुख्यतः इथल्या लाकडासाठी. तेव्हापासून साऱ्या प्रांताचा कारभार ताकायामातल्या ‘जिन्या’ नावाच्या सरकारी कचेरीतून चालला. ती इमारत अजून उभी आहे. पर्यटक पाहतात ती हीच, आणि १९६९ पर्यंत तिथे खरंखुरं सरकारी कार्यालय होतं. आसाहीचा माणूस तक्रार घेऊन डोंगर उतरून ताकायामालाच यायचा. मिया बोगद्यावरच्या जलविभाजकाने त्याला कधी अडवलं नाही.

उलट नुसता नकाशा पाहून हद्द आखली की काय होतं त्याचं उदाहरण १८७१ चं. शोगुनशाही संपल्यावर आलेल्या मेजी सरकारने हिदा उचलून पूर्वेच्या मात्सुमोतोला जोडला आणि त्याचं चिकुमा प्रीफेक्चर केलं. मधे काय, तर नोरिकुरा आणि होताकाच्या तीन हजारी भिंती! १८७६ मध्ये मात्सुमोतोतली कचेरी जळाली, त्याच वर्षी ते प्रीफेक्चरही मोडलं आणि हिदा आजच्या गिफु प्रीफेक्चरमध्ये आला. गंमत म्हणजे हिदातली बरीच गावं जोडून मोठी केली ती याच चिकुमाच्या पाच वर्षांत. हिशेबनीसांची शिवण तिथली आहे, १८८९ ची नव्हे.

हिशेबनीस

दुरुस्ती मान्य. मुद्दा तोच राहतो, उलट पक्का होतो.

उंडगा

मग शेजारच्या शिराकावा गावाचं काय? या नऊतली बरीचशी ज्या ओनो तालुक्यात होती, तेही त्यातलंच. वस्ती दीड हजाराच्या आसपास, म्हणजे तुमच्या निकषाने कधीच बुडायला हवं होतं. पण ते ताकायामात गेलं नाही. आज ओनो तालुका म्हणजे फक्त शिराकावा, आणि मजेत आहे.

हिशेबनीस

शिराकावाकडे ओगिमाचीची गवताच्या उतरत्या छपरांची घरं आहेत, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत. शिवाय जलविद्युत केंद्रांचा मालमत्ता कर. शेजाऱ्याला लॉटरी लागली म्हणून सगळ्यांनी नोकरी सोडायची का? ताकानेकडे काय होतं?

नदीकाठ

ताकानेकडे धरण होतं! हिदा नदीवरचं ताकाने क्रमांक एक, १९६९ चं. त्याचा करही आता ताकायामाच्या तिजोरीत.

हिशेबनीस

१९६९ ची यंत्रं. घसारा धरून असल्या मालमत्तेचा कर वर्षागणिक उतरत जातो. साठच्या दशकात धरण म्हणजे सोन्याची कोंबडी, २००५ ला म्हातारी कोंबडी. शोकावाला विचारा. मिबोरो धरण १९६१ ला झालं, वाड्या पाण्याखाली गेल्या, आणि धरण कंपनीच्या पहिल्या अध्यक्षांनी चेरीची दोन जुनी झाडं उचलून वर लावली. झाडं अजून फुलतात. वाड्या कुठायत? गावं पुसायचं काम महापौरांच्या आधी धरणांनी केलंय.

पेठकर

पुण्याची समाविष्ट गावं आठवली. २०१७ ला अकरा, २०२१ ला तेवीस. टँकर तेच, घरपट्टी तेवढी महापालिकेची.

घाटमाथा

पेठकर, हात जोडतो, पुण्याला इथे आणू नका, धागा परत सापडायचा नाही. आणि प्रकरण उलटं आहे. पुण्याचं शहर आधी त्या गावांत शिरलं, हद्द नंतर गेली. इथे हद्द ऐंशी किलोमीटर लांब पसरली, आणि शहर मात्र मियाच्या काठावर होतं तिथेच बसलंय.

मोरपंखी

बरीच वर्षं गिफुत राहतेय म्हणून लिहायचं धाडस करते. घाटमाथा, तुम्ही ऑक्टोबरात गेलात. फेब्रुवारीत जा.

माझ्या एका मैत्रिणीची आई या नऊपैकी एका गावात एकटी राहते (कुठलं ते सांगत नाही). हिशेबनीस म्हणतील गावात शाखा कार्यालय आहे. आहेच, नऊच्या नऊ गावांत ठेवलंय, लोक त्याला शिशो म्हणतात. दाखले मिळतात, अर्ज घेतात. पण पूर्वी कचेरीत बसणारा माणूस गावचाच असायचा. कुठल्या घरात कोण एकटं आहे, कुणाच्या छपरावरचा बर्फ उतरवायला दरवर्षी माणूस लागतो, हे त्याच्या डोक्यात असायचं. आता दर काही वर्षांनी बदली होऊन नवा मुलगा येतो. नम्र असतो, चांगला असतो. आजींना दरवेळी आपलं घर नकाशावर दाखवावं लागतं.

हे हिशेबाच्या कुठल्या रकान्यात घालायचं मला माहीत नाही. पण ज्या हिवाळ्यात आजींचा पाय मोडला, तेव्हा त्यांना ताकायामातल्या दवाखान्यात नेणारी गाडी आणि तिथवरचा साफ केलेला रस्ता, हेही त्याच शहराचं होतं. एवढंही लिहायला हवं.

उंडगा

+१. विशेषतः नकाशावर घर दाखवण्याबद्दल.

कात्री

अवांतर: शेजारच्या फुरुकावा, कामिओका, मियागावा, कावाई यांनी एक वर्ष आधी एकत्र येऊन ‘हिदा शहर’ असं नाव घेतलं. पूर्ण प्रांताचं नाव चौघांनी पळवलं, आणि प्रांताची राजधानी नावाविना बसली. हिदाचं गोमांस ताकायामात खायचं आणि हिदा शहर विचारलं तर लोक उत्तरेकडे बोट दाखवतात.

नदीकाठ

त्यांचं निदान नवीन घर बांधून नवीन पाटी लावणं होतं. ताकायामाने इतरांना आपल्या घरात भाडेकरू म्हणून घेतलं. मला यातला दुसरा प्रकार जास्त खटकतो. मियामध्ये मिनाशी देवस्थान आहे, अख्ख्या हिदा प्रांताचं पहिलं मानाचं. कोकुफु या नावाचाच अर्थ प्रांताची जुनी राजकचेरी. ताकाने म्हणजे नोमुगी खिंड, जिथून हिदातल्या पोरी बर्फ तुडवत सुवा-ओकायाच्या रेशीम गिरण्यांत जायच्या. असल्या गावांना ‘समाविष्ट’ हा शब्द लावताना जरा अडखळायला होतं.

हिशेबनीस

अडखळा, पण पर्याय सांगा. हिदा नदीच्या खोऱ्यातल्या कुगुनो, आसाही, ताकाने या तिघांची वेगळी पालिका? सफरचंदाच्या बागा, एक जुनं धरण आणि म्हातारी माणसं. कर्जरोखे त्यांनाही मिळाले असते, फेडणार कोण?

घाटमाथा

तिघांची पालिका नको म्हणू. पण निदान खोऱ्यागणिक थोडा स्वतःचा निधी आणि तो कुठे खर्चायचा हे ठरवणारी, निवडून आलेली माणसं? शाखा कार्यालय ठेवलं, अधिकार ठेवला नाही, इथेच माझं अडतं.

हिशेबनीस

हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर भांडलो नसतो. कदाचित.

मोरपंखी

भांडा, वाचायला बरं वाटतं. एक गंमत सांगते. विलीन झाल्यावर पत्त्यात या गावांपुढचं ‘मुरा’, म्हणजे गाव, गेलं आणि त्या जागी ‘नगर’ अर्थाचं अक्षर आलं. गाव होतं तोवर गाव, बुडाल्यावर नगर. मियाचं तर नावच बदलून इचिनोमिया झालं. पाकिटावर सगळीकडे आधी ताकायामा शहर.

आणि मैत्रिणीची आई महिन्यातून एकदा बसने दवाखान्यात जाते तेव्हा शेजारणीला काय सांगते? “ताकायामाला जाऊन येते.”

हिशेबनीस

बोरिवलीची जुनी माणसंही चर्चगेटला निघाली की ‘मुंबईला जातो’ म्हणतात. म्हणून काय बोरिवली वेगळी काढायची?

घाटमाथा

बोरिवलीला दर चार मिनिटांनी लोकल आहे हो.