अमेरिकेतून निवृत्तीनंतर परत: तारीख कोणती, कर कुठे, मत कुठे? (चर्चेचा धागा, प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

परतीची_तयारी

दोघे जण, वय ६६ आणि ६४. एकाकडे अमेरिकन नागरिकत्व आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते), दुसरीकडे भारतीय पासपोर्ट आणि २००९ पासून ग्रीन कार्ड. २०२६-२७ मध्ये कायमचे महाराष्ट्रात यायचे ठरले आहे. तिकडे सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन), ४०१(के) (नोकरीतले निवृत्ती खाते), एक रॉथ आयआरए (कर भरलेल्या पैशाचे निवृत्ती खाते) आणि ब्रोकरेज खाते. इकडे एनआरई ठेवी (अनिवासींच्या रुपयांतल्या) आणि थोडे म्युच्युअल फंड.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आर्थिक वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर यावे म्हणजे परदेशी उत्पन्नावरचा भारतीय कर जास्तीत जास्त काळ लांबेल? ग्रीन कार्ड परत करावे की ठेवावे? आणि मतदान, देणग्या, शेतजमीन याबाबत दोघांचे नियम वेगळे आहेत का? ‘सोशल सिक्युरिटी आता करमुक्त झाली’ आणि ‘ओसीआयवाल्यांना मताधिकार मिळणार’ असे दोन फॉरवर्ड सगळीकडे फिरत आहेत, त्यांचेही काय ते सांगा. दुहेरी नागरिकत्वाचा वाद नको, नियम हवेत.

हिशेबनीस

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा: आयकरातला रहिवास, फेमातला (परकीय चलन कायद्यातला) रहिवास आणि नागरिकत्व. पहिला ठरतो दिवस मोजून, दुसरा राहण्याच्या हेतूवर, तिसरा पासपोर्टवर. निम्मे गोंधळ एकाचा नियम दुसऱ्याला लावल्याने होतात.

आता तारीख. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, पण रहिवासाच्या कसोट्या जुन्याच आहेत. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात असलात तर निवासी. किंवा त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस असलात तरी निवासी. भेटीला येणाऱ्यांना ६० ऐवजी १८२ ची सवलत आहे (भारतीय उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२० ची). कायमचे राहायला आलेल्याला ती सवलत नाही असेच धरून चाला. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस मोजा, म्हणजे पुढे वाद नको.

निवासी झाल्यावरही लगेच जगभरच्या उत्पन्नावर कर लागत नाही. मधली पायरी आरएनओआर, म्हणजे निवासी पण ‘सामान्यतः निवासी’ नाही. आधीच्या १० पैकी ९ वर्षे अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत भारतातले दिवस ७२९ किंवा कमी असतील, तर त्या वर्षी परदेशातले उत्पन्न भारतात करपात्र नाही. अपवाद भारतातून चालवलेल्या धंद्याचा, तो तुम्हाला नाही.

गणित मांडतो. १५ सप्टेंबर २०२६ ला आलात तर ३१ मार्चपर्यंत १९८ दिवस, म्हणजे २०२६-२७ मध्येच निवासी. ते वर्ष आणि २०२७-२८ आरएनओआर. २०२८-२९ ला ‘१० पैकी ९’ तुटते, मग ७२९ ची कसोटी उरते. १९८ आणि ३६६ (२०२८ लीप वर्ष) मिळून ५६४. उरले १६५. त्याआधीच्या पाच वर्षांतल्या सगळ्या भेटी आणि एप्रिल २०२६ नंतरची घर बघायला मारलेली चक्कर धरून १६५ च्या आत बसायला हवे. वर्षाला सरासरी ३३ दिवस! बहुतेकांचे तेवढ्यात भागत नाही आणि एक पूर्ण वर्ष जाते.

तेच २ ऑक्टोबर २०२६ ला आलात तर १८१ दिवस होतात. आधीच्या चार वर्षांत ३६५ भरलेले नसतील तर २०२६-२७ मध्ये अनिवासीच. पुढची दोन वर्षे ‘१० पैकी ९’ वर आरएनओआर. म्हणजे ३१ मार्च २०२९ पर्यंत निर्धास्त, ७२९ ची उस्तवार नाही. दोन-अडीच आठवडे थांबण्याचा एवढा फायदा.

दोघांपैकी ज्याच्या भेटी मोठ्या असतील त्याने मात्र जपावे. दर वर्षी तीन महिने येणाऱ्याचे चार वर्षांत ३६० च्या आसपास होतात. एखादी भेट लांबली की ३६५ पार, आणि मग ऑक्टोबरचा उपयोग नाही. अशा व्यक्तीने १ फेब्रुवारीला किंवा नंतर यावे: २८ अधिक ३१, एकूण ५९ दिवस. दोघांनी एकाच विमानाने यावे असे आयकर खाते म्हणत नाही.

पासपोर्टवरचे शिक्के जुळवून दहा वर्षांचा तक्ता आत्ताच करा. आधीच्या एखाद्या वर्षी १२० दिवसांचा नियम लागून नकळत निवासी झाला असाल तर ‘१० पैकी ९’ चे सगळे गणित फिरते.

खातेवही

तारखेबद्दल सहमत. आता त्या अडीच वर्षांत काय करायचे ते.

एनआरई खाते आल्याबरोबर निवासी खात्यात किंवा आरएफसीत (परतलेल्यांच्या परकीय चलन खात्यात) बदलून घ्यावे लागते, कारण फेमाप्रमाणे कायम राहण्याच्या हेतूने पाऊल ठेवले की तुम्ही निवासी. ‘मी अजून आरएनओआर आहे म्हणून एनआरई व्याज माफ’ हा युक्तिवाद चालत नाही. ती माफी फेमातल्या रहिवासाशी बांधलेली आहे. एफसीएनआर ठेव (अनिवासींची परकीय चलनातली) मुदत संपेपर्यंत चालू राहते आणि आरएनओआर असेपर्यंत तिचे व्याज करमुक्त. आरएफसीतल्या परकीय चलनाच्या ठेवीचेही तसेच. म्हणून एनआरईतले पैसे परतण्याआधी एफसीएनआरमध्ये हलवणे फायद्याचे. तिकडची मालमत्ता अनिवासी असताना घेतलेली आहे, त्यामुळे ती तिकडेच ठेवायला फेमाची हरकत नाही.

ब्रोकरेजमध्ये मोठा नफा दडलेला असेल तर याच काळात विकून पुन्हा घ्या. भारतात कर नाही आणि खरेदी किंमत नव्याने धरली जाते. अमेरिकन नागरिकाला तिकडचा भांडवली नफा कर लागेलच, तो मोजून टप्प्याने करा.

४०१(के) साठी पूर्ण निवासी झाल्याच्या पहिल्या वर्षी पर्याय निवडायचा असतो: वाढीवर दर वर्षी कर न देता काढताना द्यायचा. जुन्या कायद्यात हे कलम ८९ए आणि फॉर्म १०-ईई. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा एवढ्याच देशांसाठी. विवरणपत्राच्या मुदतीआधी भरायचा आणि एकदा निवडले की मागे घेता येत नाही. (नव्या कायद्यात क्रमांक वेगळे असतील, त्या वर्षीचे बघून घ्या.)

रॉथचा प्रश्न निराळा आहे. काढताना जिथे कर लागतो अशा खात्यांसाठी ही तरतूद आहे, आणि रॉथमध्ये काढतानाही कर नसतो. त्यामुळे ती रॉथला लागू होईल असे गृहीत धरू नका. रॉथ रिकामे करायचे असेल तर आरएनओआर असतानाच.

इथल्या म्युच्युअल फंडांबद्दल: अमेरिकन नागरिकासाठी ते पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतात, दर फंडामागे फॉर्म ८६२१ आणि शिक्षा म्हणावी असा कर. ते भारतीय पासपोर्टवाल्याच्या नावावर नवीन घ्या, तेही ग्रीन कार्ड सुटल्यानंतर.

सीमापार

ग्रीन कार्डावर जरा सविस्तर, कारण इथे चूक महाग पडते.

एक वर्षाहून जास्त बाहेर राहिले की कार्ड ‘आपोआप संपते’ असे लोक समजतात. विमानतळावर कदाचित संपेल, करासाठी नाही. आय-४०७ फॉर्म भरून रीतसर परत करेपर्यंत आयआरएसच्या (अमेरिकन कर खात्याच्या) लेखी तुम्ही अमेरिकन करनिवासीच, जगभरच्या उत्पन्नासह. भारतात बसून १०,००० डॉलरवरच्या खात्यांचे एफबार (परदेशी खात्यांचे माहितीपत्रक) दर वर्षी भरत राहायचे.

दुसरा सापळा: गेल्या १५ पैकी ८ वर्षे कार्ड असेल तर परत करणे म्हणजे नागरिकत्व सोडण्यासारखेच, फॉर्म ८८५४ भरावा लागतो. २००९ पासून म्हणजे तुम्ही त्यात नक्की. निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त, किंवा पाच वर्षांचा सरासरी कर ठरावीक मर्यादेवर, किंवा गेल्या पाच वर्षांची विवरणपत्रे नीट असल्याचे प्रमाणित करता आले नाही, यांपैकी एकही लागू झाले तर एक्झिट टॅक्सच्या (अमेरिका सोडतानाच्या कराच्या) कक्षेत. तिसऱ्या कारणाने मध्यमवर्गीय माणूसही अडकतो: चुकलेला एखादा जुना फॉर्म. मालमत्ता दोघांची वेगवेगळी मोजतात. नवरा-बायकोपैकी एक जण अमेरिकन नागरिक असेल तर त्याच्याकडे भेट म्हणून वळवलेल्या रकमेला गिफ्ट टॅक्सची मर्यादा नाही. मात्र ही वळवावळव आधी, कागदोपत्री आणि खरीखुरी असावी.

आणि कार्ड हातात ठेवून ‘भारत-अमेरिका कर करारानुसार मी भारताचा निवासी’ असे अमेरिकन विवरणपत्रात लिहू नका. आठ वर्षे झालेल्याच्या बाबतीत तेच कार्ड सोडल्यासारखे धरले जाते.

सोशल सिक्युरिटीबाबत भारत-अमेरिका करार स्पष्ट आहे. अनुच्छेद २०(२): कर फक्त देणाऱ्या देशात. भारतात पूर्ण निवासी झालात तरी भारतात नाही. ग्रीन कार्ड सोडलेल्या भारतीय नागरिकाच्या हप्त्यातून ८५ टक्क्यांवर ३० टक्के, म्हणजे २५.५ टक्के अमेरिका थेट कापते. नागरिक राहिलेल्याला नेहमीच्या दराने. कार्ड सोडण्याआधी हा फरक मांडून बघा, बऱ्याचदा वार्षिक हिशेबात तोच सगळ्यात मोठा आकडा असतो.

‘सोशल सिक्युरिटी करमुक्त’ हा फॉरवर्ड चूक आहे. २०२५ च्या कायद्याने ६५ वर्षांवरच्यांना ६,००० डॉलरची जादा वजावट दिली, २०२५ ते २०२८ एवढ्याच वर्षांसाठी, आणि ७५,००० (जोडप्याला १,५०,०००) उत्पन्नावर ती कमी होत जाते. सोशल सिक्युरिटीवरचा कर रद्द झालेला नाही. खरी बातमी वेगळी आहे: जानेवारी २०२५ मध्ये डब्ल्यूईपी रद्द झाले. भारतातल्या नोकरीचे पेन्शन मिळते म्हणून ज्यांची सोशल सिक्युरिटी कमी केली जात होती, त्यांनी नवीन रक्कम तपासावी.

भारतात राहायला लागलात की एसएसए-७१६२ हा हयातीचा फॉर्म टपालाने येतो. परत नाही गेला तर पैसे थांबतात. पत्ता बदलल्याचे आधीच कळवा.

पिंपळपार

मतदानाचे. ओसीआयला भारतात मत नाही, नागरिकत्व कायद्याच्या कलम ७बी(२) मध्ये तसे थेट लिहिले आहे. बदल हवा तर कायदा बदलावा लागेल. अधिसूचनेने होणारे काम नाही. जुन्या मतदार यादीत नाव राहिले असेल तर फॉर्म ७ ने काढून घ्या. ‘नाव आहे ना यादीत’ म्हणून केलेले मतदान बेकायदा आहे. भारतीय पासपोर्टवाल्याने परत आल्यावर फॉर्म ६ भरावा. ६ए हा परदेशी राहणाऱ्या नागरिकांसाठी.

देणग्यांकडे कोणाचे लक्ष नसते. ओसीआयधारक एफसीआरएच्या (परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या) दृष्टीने परदेशी स्रोत आहे, मग तो इथेच राहत असो आणि रुपयांत, भारतीय खात्यातून देत असो. पक्षाला देणे निषिद्ध, आणि एफसीआरए नोंदणी नसलेल्या संस्थेला, देवस्थान ट्रस्टला किंवा शाळेलाही देता येत नाही. अडचण देणाऱ्यापेक्षा संस्थेची होते. भारतीय नागरिकाला ही आडकाठी नाही, त्यामुळे घरातली पावती कोणाच्या नावाने फाडायची ते उघड आहे. फक्त पैसेही त्याच माणसाचे हवेत.

शेतजमीन ओसीआयला विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. भारतीय नागरिकाला महाराष्ट्रात कूळकायद्याने शेतकरी असल्याचा पुरावा लागतो.

सार्वजनिक वादात उतरणाऱ्यांसाठी: मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयला पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसाराचे काम यांसाठी वेगळी परवानगी लागते. ऑगस्ट २०२५ पासून सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपपत्र दाखल झाले तरी कार्ड रद्द होऊ शकते. शिक्षा व्हायलाच हवी असे नाही.

चव्हाट्यावर

नियम मान्य. पण जगभरच्या उत्पन्नावर इथे कर घ्यायचा, जीएसटी घ्यायचा आणि नगरसेवक निवडायचाही हक्क नाही, हे न्याय्य कसे?

पिंपळपार

मत नागरिकत्वाशी जोडलेले आहे, कराशी नाही. उलट बाजूही बघा: भारतात दमडीचा कर न भरणारा परदेशस्थ नागरिक पासपोर्ट घेऊन येऊन मत देऊ शकतो. स्थानिक निवडणुकांपुरता रहिवाशांना हक्क द्यावा हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण तो या धाग्यावर नको.

सीमापार

अमेरिकन मताचा कराशी मात्र संबंध येऊ शकतो. परदेशातून फेडरल पोस्ट कार्ड अर्ज भरून फक्त फेडरल पदांसाठी मत दिले तर राज्याच्या कररहिवासावर परिणाम नाही. राज्याच्या आणि स्थानिक पदांसाठीही मतपत्रिका मागितलीत तर ‘अजून आमचेच’ म्हणायला राज्याला पुरावा मिळतो. कॅलिफोर्नियावाल्यांनी जास्त जपावे, ते राज्य केंद्राचे करार मानत नाही. ४०१(के) आणि आयआरएची चिंता नको: दुसरीकडे स्थायिक झालेल्याच्या निवृत्तिवेतनावर राज्याने कर घ्यायला १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. लायसन्स, मतदार नोंदणी, पत्ता हे सगळे एकदम तोडा.

परतीची_तयारी

आभारी आहे. तक्ता केला, ऑक्टोबर दोघांनाही बसतो. एकच राहिले: पूर्ण निवासी झाल्यावर, म्हणजे २०२९-३० पासून, ४०१(के) मधून काढलेल्या पैशावर अमेरिकेत कापलेला कर भारतात वजा मिळतो ना?

खातेवही

अमेरिकन नागरिक आणि बिगरनागरिक यांचे उत्तर वेगळे. कार्ड सोडलेल्या भारतीयाला नियमित हप्त्यांचे पेन्शन अनुच्छेद २०(१) प्रमाणे फक्त भारतात करपात्र. तिथे ३० टक्के कापू दिलेत तर भारत ती वजावट नाकारू शकतो, कारण करारानुसार तो कर द्यायचाच नव्हता. मग १०४०-एनआर (अनिवासीचे अमेरिकन विवरणपत्र) भरून आयआरएसकडून परतावा मागत बसा. म्हणून खाते सांभाळणाऱ्या कंपनीला आधीच डब्ल्यू-८बेन हा फॉर्म देऊन करार लागू करून घ्या. एकरकमी काढलेत तर ती करारातल्या ‘पेन्शन’ च्या व्याख्येत बसत नाही, कारण व्याख्या ठरावीक काळाने मिळणाऱ्या रकमेची आहे. हप्त्यांतच काढा.

नागरिकाला अमेरिका सोडत नाही, त्यामुळे दोन्हीकडे विवरणपत्र आणि अनुच्छेद २५ प्रमाणे क्रेडिटचा हिशेब. हे स्वतः करण्याचे काम नाही, दोन्ही कायदे जाणणारा सीए धरा. भारतातल्या क्रेडिटसाठी फॉर्म भरावा लागतो, जुन्या कायद्यात तो फॉर्म ६७. अमेरिकेचे वर्ष जानेवारीचे, आपले एप्रिलचे, त्यामुळे एका १०४० चा कर दोन भारतीय वर्षांत वाटून दाखवावा लागतो. रुपयांत मांडताना आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर (बँक परकीय चलन विकत घेते तो).

त्याच वर्षापासून शेड्यूल एफए (विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता) सुरू होते, आणि ते कॅलेंडर वर्षाप्रमाणे भरायचे असते. बंद केलेले खातेही त्या वर्षात एक दिवस जरी चालू होते तरी दाखवा. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड. ऑक्टोबर २०२४ पासून घरजमीन सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट आहे, पण ४०१(के) वाला त्या सूटीत बसायचा नाही.