मदत हवी आहे: उपनगरातल्या बसफेऱ्या कमी झाल्या, नेमकं काय मागावं?

नमस्कार मंडळी. आमच्या उपनगरातून स्टेशनला जाणारी बस दर १५ मिनिटांनी होती, ती आता ४० मिनिटांनी येते. रात्रीची शेवटची फेरी तर बंदच केली. कारण काय, तर गाड्या रिकाम्या धावतात.

हे मला पटत नाही. सरासरी थांबणं साडेसात मिनिटांवरून वीसवर गेलं, आणि पुढची गाडी चुकली की आणखी भर. शिवाय ज्याला रात्री परतायची खात्री नाही तो सकाळीही बसने जात नाही, दुचाकीच काढतो. मग प्रवासी आणखी घटतात आणि त्याच आकड्यांवर पुढची कपात होते. थांब्यावर अजून जुनंच वेळापत्रक आहे, म्हातारी माणसं कठड्यावर टेकून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "गेली का हो?" फार वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने २०१५ मध्ये वळसे घालणारे मार्ग सरळ करून, खर्च फारसा न वाढवता वारंवार धावणारे मार्ग वाढवले. आपल्याकडेही तीन वळणावळणाचे मार्ग मिळून एक सरळ मार्ग मागावा का? पण मग ज्यांना चालवत नाही त्यांनी लांबच्या थांब्यावर जायचं कसं?

आम्ही काही रहिवासी थांब्यावर उभं राहून नोंदी ठेवणार आहोत. चढणारे-उतरणारे मोजायचे, की उशीर आणि न आलेल्या फेऱ्याही? कपात मागे घ्यायला लावलेलं कुणी इथे आहे का? निवेदनात आधी काय मागितलंत: शेवटची फेरी, की दिवसभराची वारंवारता?