खोड वर ‘वाकते’ की ‘वळते’?

मधुमालती
मुलांसाठीच्या एका विज्ञानलेखाचं भाषांतर करते आहे. कुंडी आडवी ठेवली की काही तासांत रोपाचा शेंडा वर होतो, आणि मग खोडातला बाक हळूहळू निघून जातो. मी लिहिलं, ‘खोड वरच्या दिशेने वाकते व पुन्हा सरळ होते.’ संपादकांनी ‘वाकते’वर लाल रेघ मारली. वाकणं खालीच असतं म्हणे. खरंच? आणि बाक जाण्याच्या क्रियेला एकच क्रियापद आहे का?

कोशवाचक
वाकणे हे ‘वक्र’वरून, प्राकृत ‘वंक’मधून आलं. त्यात दिशा नाही. सळई वरही वाकते. खाली जाणं आहे ते ‘लवणे’मध्ये, कारण ते ‘नम्’पासून आलेलं. तुमचं वाक्य ठेवा.

रानभूल
व्युत्पत्ती मान्य, पण वापर वेगळं सांगतो. फांदी फळांनी वाकते, पाठ ओझ्यानं वाकते. वाकवणारा जोर बाहेरून येतो. इथे खोड स्वतःच्या वाढीनं दिशा बदलतं. आडव्या खोडातल्या काही पेशींमधले जड पिष्टकण खालच्या बाजूला बसतात, त्यावरून ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या अंगाला जास्त जातं, तिथल्या पेशी जास्त लांबतात, म्हणून शेंडा वर. (मुळांमध्ये हेच ऑक्सिन वाढ रोखतं, म्हणून मूळ खाली.) हे सगळं झाड करतं आहे. म्हणून ‘वळते’.

शिक्षकमित्र
पाठ्यपुस्तकात याला, म्हणजे गुरुत्वाच्या उलट दिशेनं वळण्याला, ‘ऋण गुरुत्वानुवर्तन’ आहे. मुलं पुढे तेच शिकणार. तेच वापरा.

कोशवाचक
‘अनु’ म्हणजे मागोमाग. मागोमाग जाणं आणि तेही ऋण? याला शब्द म्हणायचं? ‘प्रतिवर्तन’ सरळ कळतं. शिवाय ‘गुरुत्व’ तरी कशाला, ‘भू’ पुरे.

शिक्षकमित्र
‘भू’ नक्कीच नको. 1806 मध्ये इंग्रज वनस्पती-अभ्यासक थॉमस अँड्र्यू नाइट यांनी पाण्याच्या जोरावर वेगानं फिरणाऱ्या चाकावर रोपं वाढवली. मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला गेली, कोंब मध्याकडे. जमीन होती तिथेच होती, पण रोपांना तिच्याऐवजी चाकाच्या फिरण्यानं पडणारा ओढा जाणवला. रोप भू ओळखत नाही, जडपणा ओळखतं, आणि ‘गुरु’चा मूळ अर्थ जडच. ‘अनुवर्तन’ही रुळलं आहे. रुळलेला शब्द शुद्धतेसाठी उपटू नका.

रानभूल
माझे वडील शेतकरी. वाऱ्यानं गहू लोळला की म्हणायचे, ‘कोवळा आहे, उठेल.’ आणि उठायचा. गव्हात हे वळणं पेरापेराशी होतं, पानाच्या आवरणाचा फुगीर तळ खालच्या अंगानं वाढतो. जून झालेलं पीक मात्र पडून राहतं. वर्तन, प्रतिवर्तन यापेक्षा ‘उठणे’ किती नेमकं आहे!

मधुमालती
‘उठते’ छान आहे, पण माझं अडतंय ते पुढच्या भागाशी. शेंडा उभा झाला तरी खालचं खोड वळलेलंच असतं. लेखात म्हटलंय की नुसता गुरुत्वाचा अंदाज असता तर खोड उभ्या रेषेच्या पलीकडे जात पुन्हापुन्हा डोललं असतं. त्याला स्वतःचा बाकही जाणवतो, आणि तो मोडायचं काम ते वेगळं करतं. 2013 मध्ये बास्तियँ, मुलिया या फ्रेंच संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. म्हणजे वळणं एक क्रिया, सरळ होणं दुसरी. दोघींना वेगवेगळी क्रियापदं हवीत.

कोशवाचक
ऋजूवरून ‘उजू’ आहे जुन्या मराठीत. ‘खोड उजू होते.’

शिक्षकमित्र
सातवीतलं मूल पुस्तक मिटेल.

रानभूल
‘बाक मोडते’ म्हणा. मधुमालतींनीच वर वापरलंय.

कोशवाचक
‘मोडते’ वाचून मुलाला खोड तुटल्यासारखं वाटेल. मग ‘सरळावते’. आणि ‘सरळ’बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी: संस्कृतात ‘सरल’ हे चीड पाइनचं नाव आहे. उंच, सोट झाड.

रानभूल
हे फार आवडलं, कारण कललेला पाइन स्वतःला सरळ करतोही. तो कललेल्या खोडाच्या खालच्या अंगाला वेगळं, दाट लाकूड तयार करतो, आणि ते खोडाला वर ढकलतं. रुंद पानांच्या बऱ्याच झाडांत असं लाकूड वरच्या अंगाला होतं आणि वर ओढतं.

शिक्षकमित्र
मग एकच ‘सरळावते’ दोघांना कसं चालेल? एक ढकलला जातो, दुसरा ओढला जातो.

कोशवाचक
क्रियापद परिणाम सांगतं, यंत्रणा नाही. ‘वाकते’लाही हेच लागू होतं, आणि म्हणूनच मी पहिल्यापासून म्हणतो आहे की ते ठेवा.

रानभूल
नाही पटत. यंत्रणा कळल्यावरही जुनाच शब्द ठेवायचा असेल तर भाषांतर करायचं कशासाठी?

मधुमालती
लेख उद्या द्यायचा आहे. तूर्त ‘वर वळते, मग बाक जातो’ असं लिहिलंय. ‘उठते’ शीर्षकात घेतलं.