सिनसिनाटीत घर नदीच्या अलीकडे बघावं की पलीकडे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. ऑगस्टमध्ये आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला शिफ्ट होतोय. ह्यांचं ऑफिस डाउनटाउनला, माझं काम क्लिफ्टनमध्ये, युनिव्हर्सिटीजवळ. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे टेकडीवरचं माउंट अ‍ॅडम्स बादच, तिथले चढ बघूनच धडकी भरली.

मागच्या आठवड्यात दोन दिवस फिरून आलो. एअरपोर्ट सिनसिनाटीचा, पण उतरलो शेजारच्या केंटकी राज्यात! मधे ओहायो नदी. पलीकडच्या, केंटकीतल्या कव्हिंग्टनची जुनी विटांची घरं फार आवडली, 1867 चा रोबलिंग पूल ओलांडला की चालत डाउनटाउन. पण मला रोज गाडीने ब्रेंट स्पेन्स ह्या हायवेच्या पुलावर अडकावं लागेल का? आणि राहायचं एका राज्यात, नोकरी दुसऱ्यात, तर टॅक्स कुठे भरता?

डाउनटाउनला लागून असलेल्या ओव्हर-द-राइन भागात फिंडली मार्केटजवळ एक फ्लॅट बघितला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की सोफा वळणारच नाही. खालून ट्राम जाते, तीही फुकट, पण ती क्लिफ्टनची टेकडी चढत नाही!

सगळे म्हणतात मेसन ह्या उपनगरात जा, आपली माणसं आहेत. पण ते वीसेक मैल उत्तरेला. शहरातल्याच हाइड पार्क किंवा नॉर्थसाइड भागात कुणी राहतं का? बर्फात टेकडीवरच्या रस्त्यांचे काय हाल असतात?