तासगाव: २४ मीटर गाळा, मधे खांब नको

द्राक्षबाग: बेदाण्याच्या शेडला पत्रा वायररोपवर टांगायचाय, दर ४ मीटरला एक रोप. झोळ, म्हणजे रोप मधे खाली लोंबतो तो, किती ठेवू? जमीन काळी आहे.

कृष्णाकाठ: २.४ मीटर. भार चौरस मीटरला १०० किलो धरा, म्हणजे रोपाच्या मीटरला ४००. आडवी ओढ ४०० × २४² ÷ (८ × २.४) = १२ टन, टोकाशी १३. सुरक्षेसाठी तिपटीने, म्हणजे ३९ टनांना तुटेल असा रोप. झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट, तेव्हा सपाट छपराचा हट्ट सोडा.

पोलादी_गाठ: आणि वारं? सेकंदाला ३९ मीटर वेगाला दाब चौरस मीटरला ९० किलोच्या पुढं. पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे दांडे) यांचं वजन जेमतेम १५. छप्पर उचलणारच. उलट्या बाकाचा, म्हणजे मधे वर उचललेला, दुसरा रोप ताणून बांधा. त्याचा ताण वरच्या १३ टनांत धरलेला नाही!

द्राक्षबाग: आणि रोप जमिनीला धरून ठेवणारा नांगर?

कृष्णाकाठ: भाऊ, खांबावरून जमिनीकडे ४५ अंशात उतरणाऱ्या ताण-रोपाला १७ टन, पायाला उचल १२. दीडपट म्हणजे १८ टन, साडेसात घनमीटर काँक्रीट. दुसऱ्या रोपाचं वेगळं. काळ्या मातीची पकड धरू नका, उन्हाळ्यात भेगा पडल्या की सुटते. आडव्या ओढीसाठी मुरुमापर्यंत खोदा.

पोलादी_गाठ: रोपाच्या टोकाला सॉकेटच (टोक आत पक्कं बसवायची लोखंडी टोपी) घ्या. क्लिप लावल्याच तर यू-बोल्ट रोपाच्या दुमडलेल्या मोकळ्या शेपटीवर, खोगीर (क्लिपचा खाचेचा भाग) भाराच्या बाजूला. उलटं बसवलं की भाराच्या तारा चिरडतात. पत्रा चढल्यावर नट परत आवळा.