सीडी रिप करताना प्रोग्रॅम हँग होतो तेव्हा : तुमचे अनुभव सांगा

आजीच्या जात्यावरच्या ओव्या आईने कॅसेटवरून सीडीवर करून घेतल्या, त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात ती सीडी लॅपटॉपवर उतरवायला घेतली. दोन ट्रॅक सुरळीत आले. तिसऱ्याला 43 टक्क्यांवर खिडकी करडी पडली. 'रद्द करा' दाबलं तरी ढिम्म. तीनदा प्रोग्रॅम बंद करून पाहिला, तीनदा तिथेच अडकला. सीडी एकच आहे, कॅसेट केव्हाच गेली आणि आजीही नाही. लिनक्स वापरतो, ड्राइव्ह यूएसबीचा आहे. तुमचं कुठे अडलं, कसं सुटलं, सविस्तर लिहा.

*

आधी एक करा, प्रोग्रॅम बंद करू नका. ड्राइव्हला कान लावा. गरगर, मग क्षणभर शांत, मग बारीक टक्, पुन्हा गरगर असं ऐकू येत असेल तर काम चालू आहे. ऑडिओ सीडीवर फायली नसतात, एका सेकंदाच्या आवाजाचे 75 सेक्टर, म्हणजे तुकडे असतात, प्रत्येकी 2352 बाइटचे. ओरखडा आला की तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचला जातो. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये सीडी वाचणं आणि खिडकी रंगवणं एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये), एकामागून एक चालतं, म्हणून ड्राइव्हकडून उत्तर येईपर्यंत खिडकी मेल्यासारखी दिसते.

वडिलांच्या नाट्यसंगीताच्या सीडीला माझं हेच झालं. फोल्डर उघडून तयार होत असलेल्या वेव्ह फाइलचा (उतरलेला आवाज तिच्यात साठतो) आकार बघत बसलो. चार मिनिटांचं पद साधारण 42 एमबीचं व्हायला हवं, फाइल 19 वर होती आणि पाच-पाच मिनिटांनी जराशी वाढत होती. तसंच ठेवून झोपलो. सकाळी पद पूर्ण उतरलेलं होतं, खिडकीही जिवंत.

*

माझा प्रोग्रॅम सीडी घालताक्षणीच हँग व्हायचा. वायफाय बंद केलं आणि चालू लागला. गाण्यांची नावं आणायला तो इंटरनेटवरच्या फ्रीडीबी या नावांच्या यादीकडे जात होता, आणि ती सेवा 2020 सालीच बंद झाली. सेटिंगमध्ये म्युझिकब्रेन्झ ही तशीच दुसरी सेवा निवडली, प्रश्न मिटला.

*

यूएसबी ड्राइव्ह म्हणालात म्हणून लिहिते. हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) वापरत असाल तर काढून टाका. यूएसबी 2 च्या पोर्टमधून 500 मिलीअँपिअरच मिळतात, आणि तबकडी वेग घेताना काही ड्राइव्हना तेवढे पुरत नाहीत. माझा ड्राइव्ह मध्येच तुटून परत जोडला जायचा, प्रोग्रॅमला पत्ताच नसायचा. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये (नोंदवहीत) ते स्पष्ट दिसलं. दोन पोर्टमधून वीज घेणारी दोन तोंडांची केबल लावली, तेव्हापासून त्रास नाही.

*

जुन्या विंडोज एक्सपीच्या डेस्कटॉपवर माझा माउससुद्धा अडखळायचा. खराब सीडीमुळे सहा चुका झाल्या की एक्सपी ड्राइव्हला डीएमएवरून (यात माहिती थेट मेमरीत जाते) पीआयओवर (यात ती प्रोसेसरला वाहावी लागते) उतरवतं, आणि मग चांगली सीडी घातली तरी सगळा भार प्रोसेसरवर. डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई चॅनेल (ड्राइव्ह जिथे जोडलेला असतो ती नोंद) काढून मशीन रीस्टार्ट केलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

*

खिडकीचा नाद सोडा, टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून, सीडीपॅरानोया हा सीडी उतरवणारा प्रोग्रॅम चालवा. तेवढा एकच ट्रॅक काढता येतो. प्रगतीच्या पट्टीशेजारी विरामचिन्हांचा छोटा चेहरा असतो, नीट वाचत असेल तर हसरा, ओरखडा सापडला की रडवा. निदान आत काय चाललंय ते कळतं. तरी अडकलंच आणि प्रोसेस मारूनही मरत नसेल, तर ती कर्नलमध्ये ड्राइव्हची वाट बघत असते. अशा वेळी केबल काढणं हाच उपाय.

आणि सीडी पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवून कधीच नको. गोल ओरखडा वाचनाच्या दिशेतच पडतो, त्यामुळे सलग बरीच माहिती जाते आणि ड्राइव्हला ती भरून काढणं अवघड जातं.

*

मनापासून आभार, मंडळी. हब काढला, सांगितल्याप्रमाणे सीडी पुसली आणि टर्मिनलमधून तिसरा ट्रॅक लावला. चेहरा बराच वेळ रडवा होता. दोन तास दहा मिनिटं लागली, पण उतरला. दोन ठिकाणी टक् वाजतं, ओवी कुठे तुटत नाही. शेवटी जातं थांबल्यावर आजी "झालं का गं?" विचारते, तेही आलंय. आता चौथा लावलाय.